नैरोबीला परतायचं, पण नेमकं कुठे?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून): पत्रलेखिका नैरोबीत जन्मलेल्या, मराठी घरातल्या. आजोबा कोकणातून शिक्षक म्हणून केनियात गेले आणि तिथलेच झाले. पत्रलेखिका २००१ मध्ये फार्मसी शिकायला इंग्लंडला गेल्या. पुढे तिथेच सरकारी आरोग्यसेवेत नोकरी, लग्न आणि दोन मुलं. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ. २०१२ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. नवरा मूळचा कोल्हापूरचा, सॉफ्टवेअरमध्ये, आता ब्रिटिश नागरिक. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. बहात्तर वर्षांची आई नैरोबीच्या पार्कलँड्स भागातल्या स्वतःच्या घरात एकटी राहते, भाऊ कॅनडात आहे. नैरोबीतल्या एका खासगी रुग्णालयाने त्यांना फार्मसी विभागाच्या प्रमुखाची जागा देऊ केली आहे. पगार आजच्या निम्म्याहून कमी. मैत्रिणी म्हणतात, वेड लागलंय का. सासरचे म्हणतात, इंग्लंड सोडायचंच तर पुण्याला या. आई म्हणते, "माझ्यासाठी येऊ नका." त्या विचारतात: "एक वर्ष जाऊन बघावं का? नाही जमलं तर परत येऊ. मुलांचं नुकसान तर होणार नाही ना? माझं केनियाचं नागरिकत्व गेलं. आता जन्मगावीच वर्क परमिट काढून परक्यासारखं राहायचं, हे सोसत नाही. आणि तिथे आपलं म्हणावं असं आता उरलंय तरी कोण?"

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक ओझं आधी उतरवते, कारण ते तुम्ही विनाकारण वाहत आहात. तुमचं केनियाचं नागरिकत्व बहुधा गेलेलंच नाही.

केनियात पूर्वी दुहेरी नागरिकत्व चालत नसे. दुसऱ्या देशाचं घेतलं की केनियाचं जायचं. तुमच्या आधी इंग्लंडला गेलेल्या नातेवाइकांचं तसंच झालं असणार आणि तेच तुमच्या मनात पक्कं बसलं असणार. पण २७ ऑगस्ट २०१० रोजी केनियाची नवी राज्यघटना लागू झाली. तिच्या सोळाव्या कलमानुसार जन्माने केनियन असलेल्या माणसाने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तरी केनियाचं जात नाही. तुम्ही ब्रिटिश झालात २०१२ मध्ये, म्हणजे ही तरतूद आल्यानंतर. तुमच्या वडिलांकडे केनियाचं नागरिकत्व होतं आणि तुमचाही पासपोर्ट केनियाचा होता, असं तुम्ही लिहिलं आहे. चौदाव्या कलमाप्रमाणे ज्याच्या जन्माच्या दिवशी आई किंवा वडील केनियन नागरिक असतात, ते मूल कुठेही जन्मलं तरी जन्माने केनियन ठरतं. म्हणजे तुमची दोन्ही मुलंसुद्धा.

एक गाठ मात्र आहे. २०११ च्या नागरिकत्वाच्या कायद्यानुसार दुसरं नागरिकत्व घेतल्यावर तीन महिन्यांच्या आत तशी नोंद केनिया सरकारकडे करावी लागते. ती न करणं हा गुन्हा धरला जातो. नागरिकत्व गेलं असंच तुम्ही समजत होतात, तेव्हा नोंद केलेली नसणार. म्हणून परस्पर अर्ज भरू नका. नैरोबीतल्या, हेच काम करणाऱ्या एखाद्या वकिलाला आधी गाठा, उशिरा नोंद कशी करायची ते विचारा आणि मग इमिग्रेशन खात्याकडे जा. जुना पासपोर्ट, राष्ट्रीय ओळखपत्र, तुमचा जन्मदाखला आणि वडिलांच्या नागरिकत्वाचा पुरावा, एवढे कागद आईकडून शोधून घ्या. नुसता जन्मदाखला पुरत नाही, कारण केनियात जन्म झाला म्हणून कुणी आपोआप नागरिक होत नाही.

तुमच्या यजमानांचीही वाट यातूनच निघते. केनियन नागरिकाशी लग्नाला तीन वर्षं झाली की जोडीदाराला कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो आणि सात वर्षं झाली की नागरिकत्वासाठीही. ते ब्रिटिश नागरिक असल्याने भारतीय पासपोर्ट सोडण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नाही. पण त्यांच्या जागी भारतीय पासपोर्ट असलेलं कुणी असतं तर त्याला इथे थांबून विचार करावा लागला असता, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही.

आईच्या घराचंही ऐका. केनियात नागरिक नसलेल्याला जमीन फक्त भाडेपट्ट्याने आणि जास्तीत जास्त ९९ वर्षांसाठी धरता येते. उद्या ते घर तुमच्या नावावर होईल तेव्हा तुम्ही कोणत्या नात्याने तिथे उभ्या आहात, याने फरक पडतो. त्यामुळे परत जावो न जावो, हे कागद यंदा मार्गी लावाच.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. आपलं म्हणावं असं तिथे कोण उरलंय? पत्र वाचताना मी याच वाक्याशी सर्वात जास्त वेळ थांबले.

तुमच्या पत्रातली नैरोबी म्हणजे आईचं घर, पार्कलँड्सचे रस्ते, डायमंड प्लाझातली खाऊची दुकानं, महाराष्ट्र मंडळाचा गणपती आणि आता टोरोंटो नाहीतर लंडनला गेलेल्या शाळेतल्या गुजराती मैत्रिणी. एवढ्या मोठ्या पत्रात एकच आफ्रिकी व्यक्ती येते. तुमच्या घरी वर्षानुवर्षं स्वयंपाक करणारी बाई. तिचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. मी हे तुम्हाला बोल लावायला सांगत नाही. तिथल्या कितीतरी भारतीय घरांमधलं बालपण असंच गेलं आणि त्यामागे इतिहास आहे. ब्रिटिशांनी नैरोबी वस्ती-वस्तीने वाटली होती: गोऱ्यांची वेगळी, आशियाई लोकांची वेगळी, आफ्रिकी लोकांची वेगळी. शाळाही वेगळ्या, दवाखानेही वेगळे. १२ डिसेंबर १९६३ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आशियाई लोकांना नागरिकत्व घ्यायचं की नाही हे ठरवायला दोन वर्षं मिळाली. अनेकांनी ब्रिटिश पासपोर्टच ठेवला. १९६७ मध्ये व्यापाराच्या परवान्यांचे आणि स्थलांतराचे नवे कायदे आले आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत हजारो कुटुंबं इंग्लंडला निघाली. १ ऑगस्ट १९८२ च्या फसलेल्या लष्करी बंडात आशियाई लोकांची दुकानं लुटली गेली, त्याची भीती तुमच्या आईवडिलांच्या पिढीने उरी बाळगली. कुंपणं उंच होत गेली ती अशी.

त्या कुंपणाच्या आतली माणसं शोधायला जाल तर खरंच फार थोडी उरली आहेत. आई सोडून कदाचित दहा घरं. पण केनिया २०१९ च्या जनगणनेप्रमाणे पावणेपाच कोटी माणसांचा देश आहे. तुम्हाला परत जायचंय ते त्या दहा घरांत की त्या देशात? माझं प्रामाणिक मत सांगते. दहा घरांत जायचं असेल तर जाऊ नका, दोन वर्षांत एकटं वाटेल आणि मुलं तुम्हाला दोष देतील. त्या देशात जायचं असेल तर तुमच्यासारखं माणूस तिथे फार चांगलं रुजू शकतं. आणि ते परतणं नाही, तुमच्यासाठीही ते पहिल्यांदाच जाणं आहे. पगार, शाळा, सुरक्षितता हे प्रश्न खरे आहेत, त्यांच्याकडे येतेच. पण ते सगळे या एका प्रश्नाच्या मागून येतात.

आपल्याकडच्या दोन माणसांची आठवण करून देते. पिओ गामा पिंटो १९२७ मध्ये नैरोबीत गोवेकर घरात जन्मले. लहानपणीच शिक्षणासाठी त्यांना भारतात धाडलं, तरुणपणी मुंबईत नोकरी केली, गोव्याच्या मुक्तीच्या चळवळीत पडले आणि पोर्तुगिजांच्या अटकेपासून वाचण्यासाठी १९४९ मध्ये केनियात परतले. मग केनियाच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी अनेक वर्षं स्थानबद्धता सोसली, पुढे खासदार झाले आणि २४ फेब्रुवारी १९६५ ला त्यांच्या घराजवळच त्यांची हत्या झाली. दुसरे जोसेफ मुरुंबी. वडील गोव्याचे व्यापारी, आई मसाई. तेही लहानपणी शिकायला भारतात आले, परत गेले, पुढे जवळपास दहा वर्षं लंडनमध्ये राहून पुन्हा केनियात परतले आणि १९६६ मध्ये देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. तुम्ही राजकारणात पडावं असं मी मुळीच सुचवत नाही. या दोघांनी परतताना आपल्या वस्तीपुरतं न परतता देशात पाऊल टाकलं, एवढंच तुमच्या नजरेस आणायचं होतं. जुलै २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या केनियन लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. कागदावरचं दार उघडं आहे.

यासाठी काय करायचं, हेही साधंच आहे आणि इंग्लंडमध्ये बसून आजपासून सुरू करता येतं. तुम्हाला येते ती स्वयंपाकघरातली, हुकूम सोडण्यापुरती स्वाहिली. रीतसर शिकवणी लावा, मुलांनाही सोबत बसवा. गेल्यावर घरकामाला जी बाई ठेवाल तिला लेखी करार द्या, तिचे निवृत्तीनिधीचे, आरोग्यविम्याचे आणि गृहनिर्माण कराचे पैसे नियमाने भरा. घरकाम करणारी व्यक्ती कायद्याने कामगारच आहे, पण असंख्य घरांत हे केलं जात नाही. आणि मैत्री फक्त मंडळात शोधू नका. मंडळ जरूर धरा, गणपतीत आरतीला उभ्या राहा, पण शेजारणीच्या घरच्या लग्नासाठी हरांबी, म्हणजे सगळ्यांनी मिळून वर्गणी काढायचा कार्यक्रम, असेल तर वर्गणी देऊन तिथेही जा.

तुम्ही गेलात त्यानंतर देशही पुष्कळ बदलला. एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय, मार्च २००७ मध्ये सुरू झालं. आज भाजीवाल्या मामाम्बोगापासून शाळेच्या फीपर्यंत सगळं फोनवरून चालतं. २०१३ पासून ४७ काउंटी, म्हणजे स्वतःचं सरकार असलेले जिल्हे, आल्या आणि सरकारी दवाखान्यांचा मोठा कारभार त्यांच्याकडे गेला. २०१७ पासून मोम्बासाला नवी रेल्वे जाते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर त्याच वर्षी बंदी आली. सुट्टीला आईकडे येऊन राहताना हे डोळ्यांना दिसतं, पण अंगवळणी पडत नाही.

आईबद्दल. "माझ्यासाठी येऊ नका" हे वाक्य आपल्याकडे सगळ्या आया म्हणतात आणि आपण ते उलटं वाचतो. एकदा सरळ वाचून बघा. वडील गेल्यावर त्यांनी दोन वर्षं स्वतःचं घर स्वतः चालवलं आहे. सकाळचं फिरणं, देऊळ, पत्त्यांच्या मैत्रिणी, असं काहीतरी त्यांनी बसवलं असेल. त्या घरात अचानक चार माणसं, एक वयात आलेली मुलगी, दिवसभर मीटिंगा घेणारा जावई आला तर त्यांचं घर त्यांचं राहील का? त्यांना विचारा, पण "येऊ का" असं विचारू नका. "आम्ही नैरोबीत राहायला आलो तर तुला तुझ्या घरात कोण हवं, कोण नको, किती वेळ हवं?" असं विचारा. माझा सल्ला असा की गेलात तरी पहिली दोन वर्षं जवळच वेगळं घर भाड्याने घ्या.

आणि एक कठीण प्रश्न स्वतःला विचारा. समजा तीन-चार वर्षांनी आई नसतील. त्यानंतरही तुम्हाला नैरोबीत राहायचं असेल का? उत्तर "नाही" असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग तुम्हाला देश बदलायचा नाहीये, तुम्हाला आईच्या म्हातारपणी जवळ राहायचं आहे आणि त्याचे दुसरे मार्ग आहेत. चांगली सोबतीण ठेवणं, वर्षातून दोनदा पाच-सहा आठवडे जाऊन राहणं, भावाशी बोलून पाळी लावणं. भाऊ कॅनडात आहे एवढंच तुम्ही लिहिलंय. त्याने काय करायचं ठरवलंय हे तुम्ही त्याला विचारलंय का? मुलीने यावं हे गृहीत, मुलाने पैसे पाठवावेत हे गृहीत, अशी वाटणी आपल्या घरांमध्ये न बोलता होते. ती बोलून करा. आईची तब्येत बरी असेल तर आत्ताच त्यांच्या विम्याचं बघा, सत्तरीनंतर खासगी कंपन्या नवीन माणूस घ्यायला कचरतात. ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या सरकारी विम्याच्या जागी सोशल हेल्थ अथॉरिटी आली आहे, तिथे त्यांची नोंद झाली आहे का ते तपासा. आगा खान आणि एम. पी. शहा ही दोन्ही रुग्णालयं पार्कलँड्समध्येच आहेत, ही त्यांच्यासाठी मोठी सोय आहे.

तुमच्या यजमानांबद्दल पत्रात जेमतेम दोन ओळी आहेत: "त्याची हरकत नाही. त्याचं काम कुठूनही होतं." हे वाचून मला काळजी वाटली. कोल्हापूरहून इंग्लंड आणि तिथून नैरोबी, हा त्यांचा तिसरा देश असेल आणि तिथे त्यांची ओळख "अमक्यांचा जावई" एवढीच असेल. हरकत नसणं आणि इच्छा असणं यात अंतर आहे. ते एकटे नैरोबीत पंधरा दिवस राहून आले, तुमच्याशिवाय, तुमच्या आईकडे न उतरता, तर त्यांचं स्वतःचं मत तयार होईल. आणि काम कुठूनही होतं हे कंपनीकडून लेखी घ्या. दुसऱ्या देशात राहून काम केलं की कंपनीवर तिथल्या कराच्या जबाबदाऱ्या येऊ शकतात, म्हणून तोंडी हो म्हणणाऱ्या कंपन्या पुढे नाही म्हणतात. घड्याळाची मात्र अडचण नाही, इंग्लंडच्या पुढे हिवाळ्यात तीन तास आणि उन्हाळ्यात दोन. सासरचं पुण्याचं म्हणणं त्यांच्या मायेपोटी आहे, पण आई नैरोबीत, नोकरी नैरोबीत आणि जीव नैरोबीत असताना पुणं हा पर्याय आज तुमच्यासमोर नाही. तसं त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगून टाका आणि ते तुमच्या यजमानांनी सांगावं.

मुलं. नुकसान होईल का, असं तुम्ही दोघांचं मिळून विचारलंय, पण दोघांचं गणित वेगळं आहे. आठ वर्षांचा मुलगा सहा महिन्यांत शाळेत रमेल, भाषाही उचलेल. खरा विचार करायचा तो मुलीचा. इंग्लंडमध्ये दहावं आणि अकरावं वर्ष मिळून जीसीएसई या शालान्त परीक्षेचा एकच अभ्यासक्रम असतो. त्याच्या मध्यावर तिला उचलणं सर्वात वाईट. एक तर ती दहाव्या वर्षात जाण्याआधी, सप्टेंबरच्या सुरुवातीला जा. नैरोबीत ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या बऱ्याच शाळा आहेत, तिथे ती आयजीसीएसईला, म्हणजे त्याच परीक्षेच्या आंतरराष्ट्रीय रूपाला, बसेल. नाही तर तिची परीक्षा होऊन जाईपर्यंत थांबा. दुसरी गोष्ट विद्यापीठाची. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याची फी लागायची तर साधारणपणे अभ्यासक्रम सुरू होण्याआधी तीन वर्षं तिथे वास्तव्य असावं लागतं, नाहीतर परदेशी विद्यार्थ्याची फी पडते. ब्रिटिश पासपोर्ट हातात असला तरीही. तात्पुरत्या नोकरीसाठी बाहेर असलेल्यांना काही सवलत मिळू शकते, पण ती मिळेलच असं धरून पैसे मोजू नका. हे अठराव्या वर्षी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. आणि तिला विचारा. तेरा वर्षांच्या मुलीचं मत निर्णायक नसेल, पण तिला बैठकीत बसवल्याशिवाय ठरवू नका.

पैशांचं मी मोजकंच सांगते. पगार निम्म्याहून कमी, हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. त्यातून प्राप्तिकर (चांगल्या पगाराचा बराचसा भाग ३० टक्क्यांच्या टप्प्यात जातो), आरोग्यविम्याचे २.७५ टक्के, गृहनिर्माणाचे १.५ टक्के आणि निवृत्तीनिधी वजा करा. मग दोन मुलांच्या आंतरराष्ट्रीय शाळेची फी वजा करा, ती वर्षाला लाखो शिलिंग असते. पुष्कळ घरांचं गणित इथेच मोडतं, म्हणून फीचा काही वाटा रुग्णालय उचलेल का हे पगारावर बोलतानाच विचारा. शिलिंग २०२४ च्या सुरुवातीला डॉलरला १६० च्या आसपास घसरला होता, मग त्याच वर्षी सावरून डॉलरला १३० च्या आत आला. त्यामुळे पौंडातलं कर्ज शिलिंगच्या पगारावर फेडायची वेळ येऊ देऊ नका. इंग्लंडचं घर विकू नका, भाड्याने द्या, त्याचा हप्ता त्याच भाड्यातून जावा. तिथली सरकारी पेन्शन किमान दहा वर्षांच्या भरण्यावर मिळते आणि पूर्ण मिळायला ३५ वर्षं लागतात. केनियात राहून घेतलीत तर ती दरवर्षी वाढत नाही, पहिल्या रकमेवर गोठते. मोफत उपचारांचा हक्कही वास्तव्यावर असतो, पासपोर्टवर नाही.

गाडी न्यायचा मोह होईल. परतणाऱ्या नागरिकाला निदान वर्षभर वापरलेली स्वतःची एक गाडी करमाफीत आणता येते, पण ती आठ वर्षांपेक्षा जुनी नसावी. बाकीच्या अटी सीमाशुल्क खात्याकडून वाचून मगच बोटीत चढवा.

नोकरीबद्दल मला दोन गोष्टी आग्रहाने सांगायच्या आहेत. पहिली, राजीनामा देण्याआधी केनियाच्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाकडे नोंदणीचं विचारा. बाहेर शिकलेल्यांसाठी वेगळी प्रक्रिया आहे, परीक्षा किंवा देखरेखीखालचं काम लागू शकतं, आणि नोंदणीशिवाय तुम्ही प्रमुख काय, साध्या फार्मासिस्टही नाही. नेमणूकपत्रात ही मुदत लिहून घ्या. इंग्लंडची नोंदणी मात्र निदान तीन वर्षं चालू ठेवा, दरवर्षीचं नूतनीकरण चुकवू नका, एकदा नाव गेलं की परत घालणं जिकिरीचं असतं.

दुसरी गोष्ट कागदाची नाही. तुम्ही ज्या विभागाच्या प्रमुख होणार आहात तिथे नैरोबी विद्यापीठातून शिकलेले, औषधांचा तुटवडा असताना वर्षानुवर्षं काम ओढलेले लोक असतील. त्यांच्यातल्या कुणाला तरी ती जागा आपल्याला मिळेल असं वाटलं असेल. बाहेरून आलेली, भारतीय वंशाची बाई थेट डोक्यावर बसली, असं त्यांना वाटलं तर ते स्वाभाविक आहे. इंग्लंडमध्ये तुम्ही औषध लिहून दिलं की रुग्णाला ते मिळतं. तिथे रुग्ण विचारेल, पंधरा दिवसांचं न घेता पाच दिवसांचं घेतलं तर चालेल का, आणि ते पैशांमुळे असेल. हे तुमच्या हाताखालच्या लोकांना ठाऊक आहे, तुम्हाला नाही. म्हणून होकार देण्याआधी तिथे जाऊन आठवडाभर त्यांच्यासोबत काउंटरवर उभ्या राहा, बैठकीच्या खोलीत नको. पहिले सहा महिने काही बदलू नका, शिका. तुमच्याकडे वीस वर्षांचा जो अनुभव आहे त्याची तिथे गरज आहेच, पण तो त्यांच्या अनुभवाशेजारी ठेवायला लागेल.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाही, पण मैत्रिणींचा रोख तोच असणार. सप्टेंबर २०१३ चा वेस्टगेट मॉलवरचा दहशतवादी हल्ला तुमच्या आईच्या घराच्या जवळच झाला. जून २०२४ मध्ये करवाढीविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, संसदेत घुसले, गोळीबारात तरुण जीव गेले आणि सरकारला ते विधेयक मागे घ्यावं लागलं. पुढच्या वर्षी पुन्हा मोर्चे निघाले. हे सगळं खरं आहे आणि हेही खरं आहे की शहर रोज कामाला जातं, मुलं शाळेत जातात. तुमच्यासाठी यातून एकच तारीख लक्षात ठेवण्यासारखी: पुढची सार्वत्रिक निवडणूक १० ऑगस्ट २०२७ ला आहे. २००७ च्या निवडणुकीनंतर कसा हिंसाचार उसळला ते आई तुम्हाला सांगतील. स्थलांतर त्या तारखेच्या आगेमागे तीन-चार महिने तरी ठेवू नका.

आता तुमचा नेमका प्रश्न: एक वर्ष जाऊन बघावं का? मला हा मधला मार्ग पटत नाही. पहिलं वर्ष कागद, शाळा, घर आणि मुलीच्या रुसव्यात जातं. "वर्षभरच आहोत" असं म्हटलं की मुलं मित्र करत नाहीत, नवरा कामात गुंतत नाही, सहकारी तुम्हाला पाहुणी समजतात आणि आई पहिल्या दिवसापासून तुमच्या जाण्याचे दिवस मोजतात. त्यापेक्षा दोन टप्पे करा. आधी सहा-आठ आठवडे सगळे जा, पण आईकडे उतरू नका. भाड्याचं घर घ्या. जमलं तर मार्च ते मे या मोठ्या पावसातला काही काळ त्यात येऊ द्या. वीज गेलेली, नळ कोरडा, वायाकी वे या मोठ्या रस्त्यावर गाड्या अडकलेल्या, अशी नैरोबी मुलांना दिसू द्या. रविवारी मतातूने, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसने, फिरा. त्यानंतर ठरवा, आणि हो म्हणाल तर किमान तीन वर्षांसाठी म्हणा.

या टप्प्यासाठी तुमच्याच नोकरीत सोय असू शकते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत काही महिन्यांपासून कमाल पाच वर्षांपर्यंत बिनपगारी एम्प्लॉयमेंट ब्रेकची तरतूद आहे. त्या काळात दुसरीकडे पगारी काम करायला सहसा मनाई असते, पण परदेशातल्या कामाला अपवाद करता येतो. राजीनाम्याचं पत्र लिहिण्याआधी वरिष्ठांकडे या अर्जाची चौकशी करा.

तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठी. पूर्व आफ्रिकेत जन्मून आता लेस्टर, टोरोंटो किंवा पुण्यात असलेल्या मराठी-गोवेकर घरांमधून अशी पत्रं येतात आणि बहुतेक जण एकमेकांच्या अनुभवावरून स्वतःचा कायदा ठरवतात. तसं करू नका. २०१० च्या आधी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर केनियाचं खरोखर गेलेलं आहे, पण जन्माने केनियन असाल तर अर्ज करून ते परत मिळवण्याचा हक्क घटनेने दिला आहे. त्या मधल्या काळात, म्हणजे तुमचं गेल्यानंतर आणि परत मिळण्याआधी, मुलं झाली असतील तर त्यांच्याबद्दल वकिलाला वेगळं विचारा, तुमच्यासोबत त्यांचं आपोआप होईल असं समजू नका. आणि तुमच्या जन्माच्या वेळी आई आणि वडील दोघांकडेही ब्रिटिश पासपोर्ट असेल तर तुम्ही बहुधा केनियन ठरत नाही, जन्म नैरोबीच्या रुग्णालयात झाला असला तरी. तसं असेल तर तुम्हाला परमिटच्याच रस्त्याने जावं लागेल. त्यासाठी नोकरी देणाऱ्या संस्थेनेच अर्ज करायचा असतो, तेव्हा नेमणुकीच्या बोलण्यात तो खर्च आणि लागणारा वेळ पहिल्याच भेटीत काढा.